ओसाकातलं अमेरिकन विमान

१९८४च्या डिसेंबरात ओसाकातल्या जेमतेम दीड वर्षाच्या एका कंपनीनं व्हिडिओ गेमचं नवं यंत्र बाजारात आणलं. कंपनीचं नाव कॅपकॉम, गेमचं नाव ‘१९४२’. शंभर येनचं नाणं टाकलं की विमानवाहू जहाजाच्या डेकवरून जोड-शेपटीचं एक विमान उडायचं आणि निळ्या समुद्रावरून वर वर सरकत राहायचं. समोरून हिरव्या, लाल विमानांचे थवे यायचे. ते पाडत पाडत टोकियो गाठायचं. टोकियो वाचवायला नव्हे, टोकियोवर चालून जायला! खेळणाऱ्याच्या हाती दिलेलं विमान होतं अमेरिकेचं पी-३८ लाइटनिंग, आणि पाडायची ती सगळी विमानं जपानी होती.

हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा माणूस चमकतोच. ज्या शहरात हे यंत्र तयार झालं, त्याच ओसाकावर १३ मार्च १९४५च्या रात्री अमेरिकेच्या २७४ बी-२९ विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले होते. त्या एका हल्ल्यात जवळजवळ चार हजार माणसं मेली. त्याला अजून चाळीस वर्षंही झाली नव्हती. म्हणजे ओसाकाच्या गेम सेंटरमध्ये नाणी घालणाऱ्या कित्येक पोरांच्या आईवडिलांनी ती आग डोळ्यांनी पाहिलेली असणार.

या प्रकाराचे दोन सोपे अर्थ लावले जातात. एक म्हणजे जपाननं युद्ध मनातून पुसून टाकलं होतं. दुसरा म्हणजे हा एक प्रकारचा पश्चात्ताप होता. मला दोन्ही पटत नाहीत. ‘१९४२’ची जन्मकथा नीट पाहिली तर तिथे विस्मरण दिसत नाही आणि प्रायश्चित्त तर त्याहून नाही. दिसतो तो एका नव्या कंपनीचा बाजाराचा हिशेब, आणि त्या हिशेबात जीव ओतणारा तेवीस वर्षांचा एक कारागीर.

गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. टैटो कंपनीतला तोमोहिरो निशिकादो हा इंजिनिअर १९७५ सालीच ‘इंटरसेप्टर’ नावाचा हवाई लढाईचा गेम करून बसला होता. पुढे त्यानं जो गेम हाती घेतला त्यातही आधी विमानं, रणगाडे असंच काहीबाही घालून पाहिलं. पण त्या काळच्या यंत्रांना विमानाची हालचाल झेपेना, ते अडखळत चालायचं. माणसांच्या आकृत्या मात्र छान हलत होत्या. तेव्हा सैनिकच मारायला ठेवावेत असं ठरत होतं, पण कंपनीनं मोडता घातला. माणसांवर गोळ्या झाडायच्या नाहीत. मग निशिकादोनं ऑक्टोपससारखे दिसणारे परग्रहावरचे जीव आणले आणि १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ जन्माला आला. जपानभर चहा-कॉफीच्या दुकानांतली टेबलं काढून तिथे काचेच्या पाटीखाली पडदा असलेली यंत्रं बसवली गेली. लोक कॉफी मागवायचे आणि मान खाली घालून परग्रहवासी मारत बसायचे.

विमानाच्या गेमचा साचा ठरायला १९८३ साल उजाडावं लागलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला नाम्को कंपनीचा ‘झेव्हियस’ जपानभर पसरला. मासानोबू एन्दो या तरुणानं तो रचला होता. काळ्या आकाशाऐवजी खाली जंगलं, नद्या, रस्ते, जमिनीवर कोरलेली प्रचंड चित्रं, आणि हे सगळं पडद्यावर वरून खाली सरकत राहायचं. हवेतल्या शत्रूवर गोळी झाडायची आणि जमिनीवरच्या ठाण्यावर बॉम्ब टाकायचा. पुढच्या दहा वर्षांतल्या विमानांच्या कित्येक गेमचा नकाशा इथे पक्का झाला. पण ‘झेव्हियस’चं विमानही शेवटी विज्ञानकथेतलंच. खरं युद्ध, खरं विमान, खऱ्या बेटांची नावं यांपासून मोठे गेम अजून जरा लांबच होते.

‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या वाहत्या गंगेत ज्यांनी हात धुतले, त्यांत केन्झो त्सुजिमोतो होता. हा १९४० साली नारा प्रांतात जन्मलेला माणूस. धंद्याची सुरुवात मिठाईच्या दुकानातून, आणि कापूसमिठाईचं यंत्र लोक कसे घोळका करून बघतात हे पाहून त्याला नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांची चटक लागली. १९७४ साली त्यानं आयपीएम नावाची कंपनी काढली, तीच पुढे आयरेम झाली. तिचं स्वतःचं ‘आयपीएम इन्व्हेडर’ही होतं. नंतर तो तिथून बाहेर पडला आणि ११ जून १९८३ रोजी ओसाकात कॅपकॉम उभी केली. ‘कॅप्सूल कॉम्प्युटर’ या दोन शब्दांचे तुकडे जोडून हे नाव केलं होतं. पहिलं यंत्र ‘लिटल लीग’, ते काही फार गाजलं नाही. मे १९८४मध्ये ‘व्हल्गस’ हा पहिला खरा व्हिडिओ गेम आला, मग ‘सोनसोन’, मग ‘हिगेमारू’. वर्षभरात चौथा गेम यायचा होता, आणि नव्या कंपनीला आता देशाबाहेर विकला जाईल असा माल हवा होता.

तो माल घडवणाऱ्याचं नाव योशिकी ओकामोतो. जन्म १९६१चा, एहिमे प्रांतातला. खरं तर त्याला चित्रकार व्हायचं होतं. कोनामी या कंपनीत तो लागला तोही चित्रं काढायला मिळतील म्हणून, पण त्याच्या गळ्यात गेम रचायचं काम पडलं. तिथला त्याचा एक किस्सा त्यानंच नंतर मुलाखतींत सांगितलाय. वरिष्ठांनी त्याला गाडी चालवायचा गेम करायला सांगितला होता. याला करायचा होता विमानाचा. साहेबांनी नाही म्हटल्यावर यानं प्रोग्रामरला हाताशी धरून गुपचूप विमानाचाच गेम करून घेतला. तो ‘टाइम पायलट’, साल १९८२. त्यात १९१०ची दोन पंखी विमानं, १९४०ची युद्धविमानं, १९७०ची हेलिकॉप्टरं, नंतर जेट, आणि शेवटी २००१ सालातल्या उडत्या तबकड्या अशा टप्प्यांतून जायचं. गेम तुफान चालला. मग अर्थातच साहेबांना आठवलं की कल्पना मूळ त्यांचीच होती. त्यानंतर ‘जायरस’ आला, आणि त्यानंतर पगारवाढीवरून खटका उडून ओकामोतोला कोनामीबाहेर पडावं लागलं. कोनामीतूनच आलेला तोकुरो फुजिवारा कॅपकॉममध्ये होता, ओकामोतोही तिथेच पोचला.

त्याला काम मिळालं ते पाश्चात्त्य बाजारात चालेल असा गेम करायचं. म्हणजे अमेरिकी खेळणाऱ्याला पहिल्या क्षणी आपला वाटावा असा. विमानं ओकामोतोला येत होतीच. आता अमेरिकी माणसाला आपलं वाटणारं युद्ध कोणतं? व्हिएतनाम तर नक्कीच नाही. उत्तर होतं ते पॅसिफिकमध्येच, मिडवेच्या लढाईत. अशा रीतीनं ओसाकातल्या एका टेबलावर बसून एका जपानी पोरानं अमेरिकेच्या बाजूनं जपानवर स्वारी आखली. यात काही मोठी नैतिक उलथापालथ झाली होती असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. शिंप्यानं गिऱ्हाइकाच्या मापाचा कोट शिवावा तसाच हा प्रकार होता.

पण कोट उत्तम शिवला होता, हे त्या यंत्रासमोर एकदा उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

यंत्रावर एक दांडी आणि दोन बटणं. पहिल्या बटणानं गोळ्या सुटतात. दुसऱ्या बटणावर या खेळाचा सगळा खेळ आहे. ते दाबलं की विमान कोलांटी मारतं. पडद्यावर ते क्षणभर मोठं होतं, उलटं होतं, मागे झेपावून पुन्हा सरळ होतं, आणि एवढा वेळ त्याला कोणतीच गोळी लागत नाही. चारी बाजूंनी घेरलं गेलं तरी सुटका. मात्र एका जिवाला कोलांट्या मोजक्याच, तीन. उरलेल्या कोलांट्या खालच्या कोपऱ्यात ‘आर’ या अक्षरानं दाखवलेल्या असतात. नवा माणूस पहिल्या दोन मिनिटांतच घाबरून तिन्ही उधळतो. मुरलेला माणूस शेवटची कोलांटी राखून ठेवतो आणि ती राखलीय या भरवशावरच न वापरता निसटतो. हुकमाचं पान हातात असणं आणि ते टाकणं यात फरक असतो, हे या खेळानं एका बटणात बसवलं. त्याआधीच्या गोळीबाराच्या बहुतेक गेममध्ये वाचायचं ते बाजूला सरकूनच. ‘डिफेंडर’मध्ये सगळा पडदा साफ करणारा बॉम्ब होता, पण तो मारायचा मार्ग. ओकामोतोनं दिलं ते चुकवायचं, तेही मोजून. पुढे अशा गेममध्ये जीव वाचवायची जी जी राखीव युक्ती आली, तिच्या पूर्वजांत ही कोलांटी धरावी लागते.

शत्रूच्या विमानांची चालही नीट घोटलेली. लहान हिरवी विमानं वरून सरळ येत नाहीत. अर्ध्यावर येऊन वळतात आणि गोळी टाकून परत वर पळतात. त्यामुळे ज्याच्यावर नेम धरला तो तिथे नसतोच. लाल विमानांचा ताफा एका ओळीत वळसा घेत येतो. ताफ्यातलं एकही न सुटता सगळे पाडले तर ‘पीओडब्ल्यू’ अशी खूण मागे राहते, आणि ती उचलली की बक्षीस मिळतं. कधी दोनाऐवजी चार गोळ्यांची धार, कधी दोन्ही बाजूंना दोन छोटी साथीदार विमानं, कधी एक जादा कोलांटी. या लाल ताफ्याच्या मोहापायी जितकी विमानं पडली असतील तितकी शत्रूच्या हुशारीनं पडली नसतील. आणि सगळ्यात खोडसाळ चाल ही, की मध्यम आकाराची काही विमानं पडद्याच्या खालच्या कडेनं, म्हणजे तुमच्या पाठीमागून येतात. सुरक्षित म्हणून तळाशी चिकटून बसणाऱ्याची खोड मोडायला हा उपाय. त्यांच्याही वरचढ ती महाकाय बॉम्बफेकी विमानं, जी डझनावारी गोळ्या खाऊनही पुढे सरकत राहतात.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटी विमान परत जहाजावर उतरतं आणि तुम्ही शत्रूची किती टक्के विमानं पाडलीत याचा आकडा पडद्यावर येतो. हा आकडा मोठा वस्ताद. नुसतं जिवंत राहिल्याचं समाधान तो टिकू देत नाही. टप्पे एकंदर बत्तीस, आणि मोजणी उलटी, बत्तीसवरून एकाकडे. किती आलो यापेक्षा किती उरलं हे दाखवत राहायचं. हे सगळं चालायचं दोन झेड-८० प्रोसेसरांवर, एक खेळ चालवायला आणि दुसरा आवाजाला. आवाज म्हणजे तरी काय, लष्करी ताशासारखा कडकडणारा ठेका आणि शिट्टी. खेळून घरी गेलेल्या माणसाच्या डोक्यात तो रात्री उशिरापर्यंत वाजत राहायचा.

खेळ म्हणून इतका रेखीव असलेला हा गेम इतिहास म्हणून मात्र अगदी बेबंद आहे, आणि तो तपासण्यात एक वेगळीच मजा आहे.

टप्प्यांना चार-चारच्या गटात नावं आहेत: मिडवे, मार्शल, अट्टू, रबाऊल, लेटे, सायपान, इवो जिमा, ओकिनावा. आता मिडवेची लढाई जून १९४२ची, ते बरोबर. पण मार्शल बेटांवरची मोहीम १९४४च्या सुरुवातीची, अट्टूची १९४३च्या मे महिन्यातली, आणि ओकिनावा तर १९४५च्या एप्रिल ते जूनमधला. सायपान आधी पडलं आणि लेटेची लढाई त्यानंतर काही महिन्यांनी झाली. गेममध्ये क्रम उलटा. भूगोलाचं विचारूच नका. अट्टू हे अलास्काच्या बाजूचं, धुकं आणि बर्फाचं बेट. तिथून पुढचा टप्पा थेट विषुववृत्ताखालचा रबाऊल. शीर्षक १९४२ आणि आत तीन वर्षांचं युद्ध कोंबलेलं.

विमानाचंही तसंच. पी-३८ कोणत्याही विमानवाहू जहाजावरून लढलं नाही. ते लष्कराच्या हवाई दलाचं, जमिनीवरच्या धावपट्टीचं विमान. पंखांना घडी नाही, जहाजावर थांबायला शेपटीला हूक नाही. मिडवेच्या लढाईत ते नव्हतंच. जपानी विमानं त्यानं पहिल्यांदा पाडली ती ऑगस्ट १९४२मध्ये, अल्यूशियन बेटांच्या भागात. म्हणजे गेममधल्या आठ नावांपैकी १९४२ साली या विमानाचा खरा मुलूख कोणता, तर सगळ्यात विजोड वाटणारा तो अट्टूचाच!

आणि टोकियो? १९४२ साली अमेरिकी विमानं टोकियोवर एकदाच पोचली, १८ एप्रिलला. जेम्स डूलिटलच्या हाताखालची सोळा बी-२५ विमानं ‘हॉर्नेट’ जहाजावरून उडाली. तीही जमिनीवरचीच विमानं, कशीबशी जहाजावरून उडवलेली. पण उडण्यापुरतीच, परत उतरायची सोयच नव्हती. बॉम्ब टाकून बहुतेक विमानं चीनच्या भूमीवर कोसळली किंवा कशीतरी टेकली, एक सोव्हिएत हद्दीत उतरलं. त्यानंतर बरोबर एका वर्षानं, १८ एप्रिल १९४३ रोजी, आणखी सोळा विमानांनी इतिहास घडवला. या वेळी ती पी-३८ होती. ग्वादलकॅनालच्या धावपट्टीवरून निघून त्यांनी बूगनव्हिल बेटावर अॅडमिरल इसोरोकू यामामोतो यांचं विमान गाठून पाडलं. यामामोतो निघाले होते रबाऊलहून. पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा सूत्रधार जोड-शेपटीच्या विमानानं संपवला, एवढा एक धागा तरी गेमच्या विमानाला इतिहासात पक्का सापडतो.

रबाऊलचं नाव आलंच आहे तर थोडं थांबायला हवं. हे गाव आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा कैद झालेल्या भारतीय जवानांपैकी हजारोंना जपान्यांनी न्यू गिनी आणि रबाऊलच्या बाजूला मजुरीसाठी नेलं. उपासमार, मलेरिया, मारहाण आणि वरून मित्रराष्ट्रांचेच बॉम्ब. त्यातले कित्येक परत आलेच नाहीत. रबाऊलजवळ बिटा पाका इथल्या युद्धस्मशानात भारतीय सैनिकांच्या कबरी आजही आहेत. गेममध्ये रबाऊल म्हणजे चार टप्पे आणि खाली सरकणारा समुद्र, बाकी काही नाही.

बाजारात काय झालं? कॅपकॉमचा हिशेब बरोबर ठरला. अमेरिकेत तेव्हा कंपनीचं स्वतःचं दुकान नव्हतं, म्हणून तिथे विल्यम्स या जुन्या कंपनीनं परवाना घेऊन ‘१९४२’ची यंत्रं विकली. १९८३च्या पडझडीतून अमेरिकेतला गेमचा धंदा अजून सावरत होता आणि आर्केडवाल्यांना चालेल असं काहीतरी हवंच होतं. १९८५मध्ये कॅपकॉमनं अमेरिकेत स्वतःची शाखा उघडली. जपानमध्ये मात्र वेळ जरा नाजूक होती. ऑगस्ट १९८४मध्ये तिथला सार्वजनिक नीतीसंबंधीचा कायदा बदलला आणि १३ फेब्रुवारी १९८५पासून गेम सेंटर त्याच्या कक्षेत आले. परवाना लागू झाला, मध्यरात्रीनंतर दारं बंद. गेम सेंटर म्हणजे पोरं बिघडण्याची जागा, ही तक्रार काही आपल्याकडच्या आयांनीच शोधून काढलेली नाही.

गंमत अशी की याच सुमारास उलट्या बाजूचा गेमही निघाला होता. टैटोच्या १९८५च्या ‘स्काय डिस्ट्रॉयर’मध्ये खेळणारा झीरो या जपानी विमानात बसून अमेरिकनांशी लढतो. तो जगभर फारसा गेला नाही. जपानी कंपन्यांना आपली बाजू मांडायची चोरी होती असं नाही. बाहेर विकायचं तेव्हा गिऱ्हाइकाची बाजू, घरात विकायचं तेव्हा घरची, इतका साधा मामला होता.

आपल्याकडे हा गेम आला तो दहाएक वर्षं उशिरा आणि मागच्या दारानं. डिसेंबर १९८५मध्ये कॅपकॉमनं ‘१९४२’ निन्तेन्दोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी काढला. कंपनीचा तो फॅमिकॉमवरचा पहिलाच गेम. काम मायक्रॉनिक्स या दुसऱ्या कंपनीकडून करून घेतलेलं, आणि ते काही मन लावून केलेलं वाटत नाही. पडद्यावर विमानं वाढली की खेळ अडखळतो आणि तो दणदणीत ताशा जाऊन त्याच्या जागी कर्कश पिपाणी लागते. पण या आवृत्तीचा एक गुण होता. ती फक्त चाळीस किलोबाइटची होती. पुढे तैवान-चीनमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या नकला काढल्या, एका कॅसेटमध्ये ढीगभर गेम कोंबायला सुरुवात केली, तेव्हा लहान आकाराचे गेम आधी भरले गेले. अशा रीतीनं ‘मारिओ’, ‘कॉन्ट्रा’, ‘बॅटल सिटी’च्या रांगेत ‘१९४२’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, मनीष मार्केटमध्ये आणि तिथून नाशिक-सोलापूर-कोल्हापूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पोचला.

कॅसेट बहुतेक वेळा पिवळी. वर छापलेला आकडा ‘९९९९९९ इन १’ असा काहीही, आत खरे गेम बोटांवर मोजण्याइतके, बाकी त्यांचीच नावं फिरवून फिरवून. पडद्यावर मुंग्या आल्या की कॅसेट काढायची, खालच्या तांब्याच्या पट्टीवर फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फुंकरीनं खरं तर काही होत नसे, काढून घातल्यानं व्हायचं ते व्हायचं. पण हे कुणाला सांगून पटलं नसतं. ज्यांच्या घरी यंत्र नव्हतं ते तासाच्या भाड्यावर खेळत. गेमचं नाव कुणी घेत नसे. तो ‘विमानाचा गेम’.

पडद्यावर मोठ्ठं १९४२ यायचं. शाळेच्या पुस्तकात बेचाळीस म्हणजे गवालिया टँक, चले जाव आणि साताऱ्याचं प्रतिसरकार. पडद्यावरच्या बेचाळीसचा त्याच्याशी काही संबंध असेल असं एकाही पोराच्या मनात आलं नसावं. आपण अमेरिकन आहोत आणि पडतायत ती जपानी विमानं आहेत हेही बहुतेकांना ठाऊक नव्हतं. लाल, हिरवी, मोठी. एवढ्यावर काम चालायचं. माझ्या मते ओकामोतोच्या कारागिरीची याहून मोठी पावती नाही. ज्या गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर ठेवून अख्खं युद्ध निवडलं, त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या मुलांनी तो गेम युद्ध काढून टाकून खेळला आणि तरी तो तसाच रंगला.

कॅपकॉमनं मालिका मग बरीच ताणली. १९८७च्या ‘१९४३’चं उपशीर्षक ‘मिडवेची लढाई’, म्हणजे लढाई १९४२ची आणि गेमवर साल पुढचं. त्यात शेवटी बुडवायचं जहाज ‘यामातो’. जपानी नौदलाचा हा मानबिंदू मिडवेच्या वेळी यामामोतोंचं ध्वजजहाज म्हणून शेकडो मैल मागे होता. तो बुडाला ७ एप्रिल १९४५ला, तीन हजारांहून अधिक माणसांसह. जपानी टीव्हीवर १९७४मध्ये याच यामातोला अवकाशयान बनवून पृथ्वी वाचवायला पाठवलं होतं. तेरा वर्षांनी जपानी पोरं शंभर येन टाकून तेच जहाज बुडवत होती. मला हे कोडं वाटत नाही. ज्या पिढीनं यामातोला कार्टूनमध्ये पाहिलं तिला ते गेममध्ये पाहायला काय अडचण? पुढे ‘१९४१’ आला, १९९६च्या सुमारास ‘१९एक्सएक्स’, २०००मध्ये ‘१९४४’. देखणे होते, पण मूळचा मितव्ययीपणा त्यांत उरला नाही. तोवर गोळ्यांनी पडदा भरून टाकायची फॅशन आली होती आणि कोलांटीचं ते नाजूक गणित त्यात हरवलं.

ओकामोतो १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मागच्या मुख्य माणसांपैकी एक झाला. २००३मध्ये त्यानं कॅपकॉम सोडली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर ‘मॉन्स्टर स्ट्राइक’ या मोबाइल गेमनं त्याला पुन्हा प्रचंड यश दिलं. त्याचं नाव मात्र आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही. त्या काळच्या यंत्रांवर कारागिरांची नावं लिहायची पद्धतच नव्हती.

मूळ आर्केड आवृत्ती आता सहज मिळते. २०२१मध्ये आलेल्या ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ या संग्रहात ती आहे. पिवळ्या कॅसेटवरच्या आवृत्तीवरून मत बनवलं असेल तर एकदा तीच खेळून पाहा, आवाज मोठा ठेवून. लाल ताफ्याच्या मागे लागू नका, पडद्याच्या तळाशी चिकटून राहू नका, आणि पहिल्या टप्प्यात तिन्ही कोलांट्या उधळू नका. बत्तीस टप्पे आहेत.